तुराट्यांची हद्द

पेढी नदीच्या वाळूत जयवंताची डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, होती. माघातल्या एका सकाळी ती घागरीने वेलींना पाणी घालत असताना कापसाने भरलेली एक बंडी सरळ वाडीतून आली. आधी बैलांचे खूर, मग चाकं. मुठीएवढीसुद्धा न झालेली डांगरं चाकाखाली फुटत गेली. तिच्यामागे दुसरी बंडी होती, दुसरीमागे तिसरी, आणि नदीच्या वळणापर्यंत नुसती रांग.

जयवंता घागर टाकून पहिल्या बैलांच्या तोंडासमोर उभी राहिली.

"डोळे फुटले का गा तुहे? वाडी दिसत नाई?"

"वाडी?" बंडीवान बोऱ्यांच्या ढिगावरून म्हणाला. "मले तं नदी दिसून राहिली. हो बाजूले. अमरावतीच्या बाजारात पोचाचं हाय."

"पांदनीनं जाय ना मंग! आजलोक जात होता तसा."

"पांदनीत कापूस पेरला हाय, बाई. तुह्याच पाटलानं पेरला. त्याले इचार."

त्याने कासरा हिसडला. बैल भले होते, ते बाईच्या अंगाला न लागता बाजूने निघाले; म्हणजे उरलेल्या वेलींवरून निघाले. रांग संपेपर्यंत जयवंता तिथेच उभी होती. एका बंडीवानाने जाता जाता वाकून त्यातल्या त्यात मोठं डांगर तोडलं, वास घेतला, कच्चं आहे म्हणून फेकून दिलं. चाकाखाली गेलेल्या डांगरांपेक्षा त्या एका डांगराचा राग तिच्या मनात पुढे कितीतरी दिवस राहिला.

अमेरिकेत तेव्हा कुठेतरी लढाई जुंपली होती. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मान आला होता. जयवंताच्या गावच्या, बोरखडीच्या, लोकांना लढाईचं काही नीट ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की कापसात माती आहे म्हणून पूर्वी नाक मुरडणारा अडत्या आता बोंड फुटायच्या आधीच बांधावर येऊन बसतो. ज्वारीची वावरं कापसाखाली गेली. गुरांचं कुरण गेलं. तेल्हाऱ्याकडे एकाने म्हणे बंडीच्या चाकाला चांदीची पट्टी ठोकली, अशी बातमी आली, आणि ती ऐकून हसण्याऐवजी लोक गप्प झाले, कारण प्रत्येकाला आपल्या बंडीचं चाक आठवलं.

अशा गावात नदीतल्या वाडीची काळजी कोण करणार?

पण बोरखडीला नदीची काळजी करायलाच हवी होती. पेढी काही मोठी नदी नव्हे. वरच्या उंच मुलखातून उतरते, वलगावावरून येते, काळ्या सपाट रानात वेडीवाकडी वळणं घेत मावळतीकडे जाते आणि पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला, तापी समुद्राला. चार महिने ती नदी असते आणि आठ महिने वाळू. जयवंताचं माहेर कौंडण्यपुराकडचं. तिकडची वर्धा उगवतीच्या अंगाला जाते. लग्न होऊन आली तेव्हा ही उलट वाहणारी, दिवाळीनंतर तुटून डबक्याडबक्यांनी उरणारी नदी पाहून तिला रडू आलं होतं. "हे नदी हाय का नाला?" असं तिने नवऱ्याला, सहदेवला, विचारलं होतं. सहदेव मुळातच कमी बोलणारा. तो म्हणाला, "पिऊन पाह्य."

आणि ते खरं होतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख खाऱ्या पाण्याचा. बोरखडीत कुठेही विहीर खणा, पाणी खोल लागतं आणि लागतं तेही खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिऊन तहान वाढते. गोड पाणी फक्त पेढीच्या वाळूत. वरची धार तुटली तरी वाळूच्या पोटातून पाणी चालत असतं. तिथे खड्डा केला, की हळूहळू पाणी झिरपून येतं. त्या खड्ड्याला झिरा म्हणायचं. सगळं गाव आठ महिने झिऱ्यावर जगत असे आणि गावातली माळ्यांची पाचसहा घरं झिऱ्याभोवतीच्या वाळूत डांगर, टरबूज, काकडी, वाळूक लावून जगत असत.

ही वाळू कुणाच्याही मालकीची नव्हती. कशी असेल? दर पावसाळ्यात नदी ती उचलून दुसरीकडे ठेवी. म्हणून माळ्यांनी आपली रीत ठरवली होती. कार्तिकी पुनव झाली, की सगळी घरं नदीत उतरत. जयवंताचा सासरा, नत्थुजी, पुढे चाले. पेढीने यंदा कुठला काठ खाल्ला, कुठे वाळू टाकली, हे बघत बघत तो जागा दाखवी. तिथे झिरा खणायचा. पहिलं पाणी चाखायला पाटलाची आई, मैनाबाई, येई. ती "गोड हाय" म्हणाली की दोर धरून वाळूचे पट्टे पाडायचे आणि पट्ट्यांच्या कडेने तुरीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे तुराट्या, रोवायच्या. ज्याने झिरा खणला त्याने पट्टा आधी निवडावा. मागच्या साली ज्याला शेवटचा, चिखलाचा पट्टा आला त्याला यंदा वरचा द्यावा. झिऱ्याचं पाणी मात्र सगळ्यांचं, ब्राह्मणापासून महारापर्यंत ज्याचे त्याचे झिरे वेगळे असले तरी अडवलेला एकही नाही. पुढच्या पुरात तुराट्या वाहून जात आणि पुढच्या पुनवेला वाटणी पहिल्यापासून सुरू होई. तुराटी उपटून कुणी पट्टा वाढवला असं आजवर घडलं नव्हतं.

त्या दिवशी जयवंता तडक पाटलाच्या ओसरीवर गेली. जानराव पाटील माणसांत बसला होता. अडत्याचा माणूसही होता.

"पाटील, पांदन तुमी नांगरली?"

"नांगरली."

"कावून?"

"काळी माती हाय म्हनून. मुरूम असता तं नसती नांगरली."

ओसरी हसली.

"आन् काठावरच्या बाभयी कावून तोडल्या?"

"बंड्यांच्या चाकांले आख नाई लागत का? लाकडाले केवढं गिऱ्हाईक हाय, तुले काय मालूम?"

"पांदन गावाची व्हती, पाटील."

"मंग मी का गावाचा नाई?"

पुन्हा हसू. जयवंताची कानशिलं तापली. "बंड्या माह्या पट्ट्यातून जाऊन राहिल्या. डांगरं चिरडली सारी."

"तुहा पट्टा?" जानरावने अडत्याच्या माणसाकडे बघत डोळे मोठे केले. "हद्द कुठी हाय त्याची?"

"तुराट्या लावल्या हायत. साऱ्या गावाले दिसतात."

"तुराट्या! अवं, तुराटीनं चूल पेटते, हद्द होत नाई. माह्या वावराले बांध हाय. उद्या सरकारी मोजनी येईन तं दगड येतीन. तुही हद्द तं बंडीचा बैल खाऊन टाकते."

अडत्याचा माणूस इतका हसला, की त्याला ठसका लागला. आणि मग, आतून त्याच्यासाठी पाणी आलं. झिऱ्याचं पाणी. जयवंताने ते पाहिलं. घरापर्यंत ती स्वतःशी बोलत गेली, मोठ्याने, आणि वाटेतल्या दोन बायकांनी तिला वाट करून दिली.

तिच्या मनात त्या दिवसापासून दगड बसला. पाटलाच्या वावराला दगड येणार, मग माझ्या वाडीला का नाही?

चैत्रात मोजणी आली. साखळी घेऊन दोन माणसं, आणि टोपी घातलेला, उन्हाने वैतागलेला मोजणीदार. जयवंता त्याच्या राहुटीपुढे जाऊन बसली. नदीत जमिनीचा नंबर पडत नसतो, दगड लागत नसतो, तो म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी माळ्यांच्या सगळ्या बायका घेऊन बसली. गंगूबाई तेवढी कुरकुरत होती, कारण त्या साली तिला शेपटाचा पट्टा आला होता.

"मले तं चिखल आला हाय यंदा, जयवंते. दगड लागला तं तोच चिखल जन्माचा माह्या गळ्यात येईन."

"अवं, दगड असला तं बंड्या तं थांबतीन! चिखलात काकडी होते. बंडीखाली काय होते?"

"तुले वरचा पट्टा आला म्हनून तुहं तोंड चालून राहिलं."

"मी का माह्याचसाठी बसली हो उन्हात? बोल ना!"

जयवंताचा आवाज चढला, की वाडीतलं कुणीच सहसा बोलत नसे.

नत्थुजी मात्र घरी बोलला. तो तसा चिडका म्हातारा. सुनेचं ऐकून घेण्यापेक्षा उपाशी झोपेल.

"दगड काय मांगतं? पांदन मांग! साहेबापुढं उभी राह्य आन् म्हन, ही गावाची वाट हाय, पाटलानं गिळली. वाट मोकळी झाली तं बंड्या नदीत उतरतीनच कावून?"

"मामाजी, पाटलासंगं भांडून वाट कोन देते? दगड तं भेटून राहिला."

"आन् नदी सरकली मंग?"

"दोन हात सरकीन."

"तुह्या माहेरची नदी सरकते दोन हात," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

आणि दगड मिळाले. ते कसे मिळाले हे जयवंताच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मोजणीदार नाहीच म्हणत होता, पण शेवटच्या दिवशी जानराव पाटील स्वतः राहुटीत गेला आणि म्हणाला, गरीब माणसं आहेत, गाळपेर, म्हणजे नदीच्या गाळातली पेरणी, म्हणून लावून टाका त्यांचे तुकडे, गावाची काही हरकत नाही. जयवंताला वाटलं, पाटलाला लाज वाटली. त्याच दुपारी साखळी पाटलाच्या वावरात गेली. नांगरलेली पांदण, तोडलेल्या बाभळींचे खुंट, थेट नदीचा काठ, सगळं पाटलाच्या दगडांच्या आत मोजलं गेलं. सगळं गाव तिथे उभं होतं. माळ्यांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. त्यांना त्यांचे दगड मिळाले होते ना!

दगड पाहून बंड्या खरंच वाडीला वळसा घालून जाऊ लागल्या. सरकारी दगडाला चाक लागलं तर काय होईल, ही भीती बंडीवानांना होती. त्या उन्हाळ्यात उरलेल्या वेलींना डांगरं लागली, जयवंताने ती अमरावतीच्या बाजारात नेली, आणि परत येताना दगडाला हळदकुंकू लावलं.

मग पावसाळा आला. श्रावणात पेढीला तीन दिवस पूर होता. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे बाभळीच्या मुळ्यांनी आणि गवताने आजवर काठ धरून ठेवला होता, तिथे आता नुसती नांगरलेली भुसभुशीत माती होती. नदीने ती कापसासकट घेतली. रात्रंदिवस काठ कोसळल्याचे आवाज गावापर्यंत येत. पाणी ओसरलं तेव्हा पेढी पाटलाच्या वावरातून वाहत होती. आणि जुनं पात्र, जयवंताच्या वाडीचं, उंचावर राहिलं होतं. त्यावर काळ्या गाळाचा थर, गाळाला भेगा, आणि मधोमध तिचा दगड, अगदी जागच्या जागी.

कार्तिकात तिने सहदेवला घेऊन दगडाशेजारी खणलं. कमरेइतकं खणलं. छातीइतकं खणलं. पाणी नाही. सहदेव खड्ड्यातून वर बघत म्हणाला, "ओली बी नाई माती." एवढं बोलून तो वर आला आणि कुदळ पुसत बसला.

गोड वाळू आता पलीकडे पडली होती, नव्या पात्रात, पांढरीशुभ्र, पूर्वी कधी नव्हती एवढी. जानराव तिथे येऊन उभा होता. वावर गेल्याचं दुःख त्याला होतंच. पण त्याच्या माणसाने त्याला दोन दगड दाखवले होते: एक बांधावर राहिलेला, एक नदीपलीकडे. दोहोंच्या मधली सगळी वाळू त्याची.

माळी जमले तेव्हा तो म्हणाला, "वाडी लावाची तं लावा. पन अर्धा माल माहा. आन् झिरा माह्या माणसाच्या देखरेखीत. बंड्यांचे बैल बी तठीच पानी पेतीन, अडत्याले शब्द देल्ला हाय मी."

"नदी हाय ते, पाटील!" जयवंता ओरडली. "नदी कधीपासून तुमची झाली?"

"दगड लागले तवापासून. कोनं मांगले व्हते दगड, जयवंता? मी तं तुह्यासाठी साहेबाले बोललो बी व्हतो."

राहुटीत गेलेला पाटील, त्याच दुपारची साखळी, भिंतीकडे वळलेलं म्हाताऱ्याचं तोंड, सगळं एकदम तिला कळलं. मागून गंगूबाई म्हणाली, "चिखलात काकडी होते म्हने," आणि तिच्याकडे न बघता निघून गेली.

त्या रात्री जयवंता जेवली नाही. राग पाटलाचा होताच. ज्याची वाट लुबाडली त्यालाच उपकार म्हणून दगड देणाऱ्या, आणि ते दगड मग त्याच्याच डोक्यात घालणाऱ्या माणसाचा राग येणारच. भाव चढला म्हणून वाटेची चोरी पाहूनही गप्प बसलेल्या सगळ्या गावाचा राग होता. पण सगळ्यांत जास्त राग तिला त्या हळदकुंकवाचा आला.

पुनवेच्या सकाळी ती उठली आणि पहार घेऊन जुन्या वाडीत गेली. आपला दगड तिने हलवून हलवून उपटला. सहदेव मागोमाग आला होता. त्याने दुसऱ्या बाजूने हात लावला. मग तिने तुराट्यांची मोळी डोक्यावर घेतली, कुदळ घेतली, आणि नव्या वाळूत, पाटलाच्या दगडांच्या आत, उतरून खणायला सुरुवात केली. काठावर हळूहळू माणसं जमली. नत्थुजीला पाय ओढवत नव्हते, त्याला दोघांनी धरून आणलं. तो वरूनच ओरडला, "तठी नाई! मावळतीले! पाच पावलं!" जयवंताने जागा बदलली आणि पुन्हा खणू लागली.

जानराव आला तेव्हा झिऱ्याच्या तळाशी पाणी चमकत होतं.

"बाहेर निघ. सरकारी दगडाच्या आत हाय तू."

"माहा दगड मी उपटला, पाटील. तुमचा तुमी पाहा."

"कचेरीत खेचीन!"

"खेचा. पन आधी पानी चाखू द्या."

माणसांच्या मागून मैनाबाई पुढे आली. म्हातारी काठी टेकत, घागर घेतलेली सून बरोबर, दर साली यायची तशी आली होती. तिला पुनव माहीत होती. दगडांचं तिला कुणी सांगितलं असेल नसेल.

"माय, तू घरी जाय," जानराव म्हणाला.

"कावून?"

"ते आपली वाळू हाय. वाटनी नाई व्हनार यंदा."

"आपली?" म्हातारीने काठी वाळूत रोवली. "जनू, तुह्या घरची डाळ आजलोक कोनाच्या झिऱ्यावर शिजली? तुह्या आज्यानं खनला व्हता का झिरा? तू तं कुदळ बी धरली नाई कधी. पानी अडवतं? तहानलेल्याले पानी नाई म्हनाले तुह्या बापाची जीभ नसती उचलली."

"माय, तुले कायद्यातलं समजत नाई."

"खारं-गोड समजते." ती खाली बसली, तांब्या सोडायला जयवंताला खुणावलं, आणि ओंजळीत पाणी घेऊन तोंडात धरलं. म्हातारीने गिळलं आणि म्हणाली, "गोड हाय. दोर धरा."

जानराव तांबडालाल झाला. पण साऱ्या गावासमोर आईला हात धरून उठवणं त्याच्याने झालं नाही. तो कचेरीचं, दंडाचं, तुरुंगाचं बोलत बोलत काठ चढून गेला. म्हातारीच्या सुनेने झिऱ्यावर घागर भरली आणि ती त्याच्याच मागोमाग घरी गेली.

दोर आला. झिरा खणणाऱ्याने आधी पट्टा निवडायचा, तेव्हा सगळे जयवंताकडे पाहू लागले. झिऱ्याच्या वरच्या अंगाला वाळू अशी होती, की हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. जयवंताने दोराचं टोक घेतलं, चालत गंगूबाईपाशी गेली आणि तिच्या हातात दिलं.

"आता कावून?" गंगूबाई म्हणाली. "बंड्या थांबल्या नाईत का तुह्या दगडानं?"

"वरचा घे."

"आन् तुले?"

"शेपटाचा. चिखलात काकडी होते."

गंगूबाई हसली नाही. तिने दोर ताणून धरला, इतका करकचून, की दुसऱ्या टोकाला उभा असलेला सहदेव एक पाऊल पुढे ओढला गेला.

कचेरीचा शिपाई पुढे शिमग्याच्या सुमारास आला. नकाशात वाडीचा दगड आहे, जागेवर नाही, तो कुठे गेला, असं त्याने विचारलं. "पुरात गेला," जयवंता म्हणाली. उन्हाने शिपाई हैराण झाला होता. त्याने झिऱ्याचं पाणी मागितलं, टरबूज खाल्लं, आणि जयवंताच्या न्हाणीजवळच्या धुण्याच्या दगडावर बसून पाय धुतले. दगड चांगला घडवलेला होता. त्याने विचारलं नाही.

बंड्यांना त्या साली वाट उरली नव्हती. पांदण नदीत गेलेली, नदीत तुराट्या आणि तुराट्यांजवळ कुदळी घेऊन बसलेल्या माळणी. बंड्या पाटलाच्या उरलेल्या वावरातून, उभ्या कापसातून जाऊ लागल्या. जानराव बंडीवानांवर ओरडायचा तो आवाज वाडीपर्यंत ऐकू यायचा. पुढे लढाई संपली, भाव उतरला, रेल्वे आली आणि बंड्याही कमी झाल्या. पाटलाने मग बांधाच्या आतून नवी पांदण सोडली आणि गावावर उपकार केल्यासारखा मिरवला.

जयवंताने त्याला ते कधी मिरवू दिलं नाही. चारचौघांत पांदणीचा विषय निघाला, की ती म्हातारपणीसुद्धा उठून उभी राही आणि विचारी, "पहिली कुठी गेली, ते सांगा ना पाटील." आणि दर पुनवेला, वाटणी झाली, की दोर गुंडाळायच्या आधी सगळ्या माळणींना थांबवून ती एकदा पट्ट्यांच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक तुराटी हाताने हलवून बघे. घट्ट बसलेली दिसली, की पुढच्या पुराला नेता यावी एवढी ती सैल करी.